डोह म्हणजे न्हाणीघर नव्हे

काल सकाळी अडीच तास जंगल तुडवून, पायांवरच्या जळवा काढत आणि निसरड्या मुळांचा आधार घेत मी धबधब्याखालच्या डोहापाशी पोहोचलो, तेव्हा एक तरुण कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून निवांतपणे डोक्याला शाम्पू चोळत होता.

एकदा लावून त्याचे समाधान झाले नाही. पहिला फेस धुऊन झाल्यावर त्याने बाटली पुन्हा तळहातावर उपडी केली, मग साबणाची वडी काढली आणि अंगभर फासली. फेसाचा पांढरा पट्टा त्याच्यापासून सुटला, संथ वळसा घेऊन काठच्या कपारीत शिरला. तिथे सावलीत पंधरा-वीस पाणनिवळ्या केसाएवढ्या बारीक पायांवर पाण्याला नुसते टेकून उभ्या होत्या. फेस पोहोचताच त्यांच्या पायांखालचे पाणी जणू नाहीसे झाले. काही उसळून दूर गेल्या, उरलेल्यांचे पाय रुतले आणि त्या आडव्या होऊन बुडू लागल्या. पाण्याच्या पृष्ठीय ताणावर ज्या जिवाचे उभे राहणे अवलंबून असते, त्याच्यापाशी तो ताण मोडणारी वस्तू ओतायची, याला आंघोळ म्हणायचे?

मी शक्य तितक्या शांतपणे म्हणालो, "अहो, इथे साबण लावू नका, खाली बेडूकमासे आहेत." त्यावर उत्तर आले, "काका, हर्बल आहे हो, काही होत नाही."

हर्बल! या शब्दाने माझे डोके जितके फिरते तितके उघड शिवीनेही फिरत नाही. बाटलीवर हिरवे पान छापले की आतला फेस माशांच्या कल्ल्यांना चालतो, अशी समजूत या माणसांना कोण करून देते? 'निसर्गात विरघळणारा' म्हणून विकला जाणारा साबणसुद्धा वाहत्या पाण्यात असा बघता बघता नाहीसा होत नाही. त्याचे विघटन करणारे जिवाणू भरपूर असतात ते मातीत. म्हणूनच धुणे-विसळणे पाण्यापासून किमान ६० मीटर दूर करावे आणि ते पाणी मातीत जिरवावे, हा जंगलात भटकणाऱ्यांचा जुना नियम आहे. साठ मीटर म्हणजे फार तर ऐंशी पावले. अडीच तास चालून आलेल्या माणसाला ती ऐंशी पावले जड होतात.

शिवाय हा डोह म्हणजे बंद टाकी नाही. किनारपट्टीच्या डोंगरांतले ओढे आखूड असतात. इथे सोडलेला फेस आणि सनस्क्रीनचा तवंग काही किलोमीटरांतच खाडीत उतरतो. प्रवाळाला घातक ठरणाऱ्या ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट या द्रव्यांची सनस्क्रीन डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला अमेरिकेच्या हवाई राज्याने १ जानेवारी २०२१ पासून बंदी घातली. इकडे मात्र पाण्यात उडी मारण्याच्या अर्धा मिनिट आधी अंगाला जाड थर थापायचा आणि मग पाण्यावर पसरलेले सप्तरंग कौतुकाने एकमेकांना दाखवायचे, अशी रीत आहे.

आणि विषय निघालाच आहे तर तो स्पीकर. धबधब्याचा आवाज ऐकायला येऊन त्या आवाजावर मात करील इतक्या जोराने गाणी वाजवणाऱ्यांना मी आजवर एकदाही माफ केलेले नाही. दगडांवर दगड रचून मनोरे उभारणाऱ्यांनाही नाही, कारण त्या प्रत्येक दगडाच्या पोटाशी कीटकांच्या अळ्या चिकटलेल्या असतात आणि मनोऱ्याच्या टोकावर त्या उन्हात वाळून मरतात. फुटलेल्या बाटलीची काच अनवाणी माणसाला गढूळ तळाशी दिसत नाही. माझ्या डाव्या टाचेवर तिची खूण तीन वर्षांपासून आहे. बाळाचा वापरलेला लंगोट नीट गुंडाळून कपारीत कोंबणाऱ्यांविषयी लिहायला घेतले तर माझा हात थरथरतो.

मनाईच्या फलकाला टेकून फोटो काढणारे तर वेगळेच. कड्यावरून सूर मारताना गेल्या पुराने तळाशी नवा ओंडका आणून ठेवला आहे की नाही, हे त्यांनी पाहिलेले नसते. धार कोसळते तिथल्या पाण्यात हवा इतकी मिसळलेली असते की ते अंगाला नीट तोलून धरत नाही, हेही त्यांना ऐकायचे नसते. पाणी अचानक गढूळ होऊन पालापाचोळा वाहून येऊ लागला, म्हणजे वर डोंगरात पाऊस कोसळतो आहे आणि तत्काळ बाहेर पडायचे आहे, असे ओरडून सांगितले तर वर बोट दाखवतात: आभाळ तर निरभ्र आहे! हवाईतल्याच ओआहू बेटावरच्या सेक्रेड फॉल्स या धबधब्यापाशी ९ मे १९९९ रोजी कड्यावरून दरड कोसळली, आठ माणसे गेली आणि ती जागा तेव्हापासून लोकांना बंद आहे. तिथल्याच काउआई बेटावर हानाकापिआई धबधब्याची वाट जिथून सुरू होते, त्या हाएना उद्यानात २०१९ पासून दिवसाला ९०० पाहुण्यांनाच प्रवेश मिळतो. आमच्या डोहावर अशी मर्यादा उद्या आली तर पहिल्या दिवशी मी रांगेत उभा राहीन, आणि महिनाभर नंबर लागला नाही तरी तक्रार करणार नाही.

कालचा तो तरुण शेवटी बाहेर आला, केस पुसले, शाम्पूची रिकामी बाटली दगडामागे ठेवली आणि माझ्या हातात फोन देत म्हणाला, "काका, एक फोटो काढा ना. तो फेस दिसणार नाही असा काढा."

मी फोन त्याच्या हातात परत दिला आणि ती बाटली उचलून माझ्या पिशवीत टाकली.