१ स्टार दिलेल्या ताईंना उत्तर: कोंबडी १९ दिवस का ठेवली

नमस्कार ताई. रिव्ह्यू काल रात्री वाचला, सकाळी उठून परत वाचला. आधी सॉरी म्हणतो. जखमी कोंबड्या ठेवून घेऊन बऱ्या करायचं आमचं काम, बाकीच्या कोंबड्यांनी टोचलेली तुमची कोंबडी तशीच आमच्याकडे होती, आणि घरी नेल्यावर तिला त्याच दिवशी परत मार बसला हे वाचून फार वाईट वाटलं, १९ दिवस रोज मांडीवर घेऊन बसलोय आम्ही तिला. मुलगी म्हणाली बाबा दोन ओळी लिहा आणि विषय सोडा, पण "आठ दिवस सांगून १९ दिवस ठेवली, दिवस वाढले की बिल वाढतं" हे जे तुम्ही लिहिलंय त्याला दोन ओळी पुरत नाहीत हो. बाकीचं चालेल. फोन पटकन उचलत नाही, खरं आहे, हात घाण असतात. वास येतो, तोही येतो. पण मुद्दाम दिवस वाढवले, हे नाही.

आठ दिवस मीच म्हणालो होतो. फोटो बघून म्हणालो होतो. फोटोत शेपटीच्या वर बाटलीच्या झाकणाएवढी लाल जागा दिसत होती. तुम्ही आणून दिल्यावर आजूबाजूची पिसं कात्रीनं कापली तेव्हा जखम निघाली तळहाताएवढी, पिसांच्या मुळाशी माशीच्या अंड्यांचे पांढरे पुंजके आणि एका कडेला कातडीखाली वळवळ. उबदार हवेत माशीची अंडी फुटायला एक दिवससुद्धा लागत नाही, पण काही तास तरी लागतातच, म्हणजे "आत्ता तासाभरापूर्वी टोचलं" असं जे तुम्ही म्हणालात ते तसं नव्हतं. दोष देत नाही, वरची पिसं मिटलेली असली की आतलं काही दिसत नाही, आणि कोंबडी दुखतंय हे शेवटपर्यंत दाखवत नाही, दाखवलं तर बाकीच्या अजून मारतात. पण आठ दिवसांचा हिशोब तिथेच संपला होता. हे मी त्याच संध्याकाळी तुम्हाला फोन करून सांगायला हवं होतं, सांगितलं तिसऱ्या दिवशी. ही माझी चूक, मान्य.

पहिले दोन दिवस तर नुसत्या अळ्या काढण्यात गेले. चिमटा, टॉर्च, कोमट सलाईन सिरिंजमध्ये भरून आत मारायचं, पुसायचं, परत बघायचं, दोन तासांनी अजून दोन निघतात. दुसऱ्या दिवशी डॉक्टर येऊन बघून गेले, दुखण्याचं औषध आणि अँटीबायोटिक त्यांनीच दिलं. फेस येणारं औषध का नाही ओतलं असं तुम्ही विचारलं होतं, ते रोज ओतलं तर नवीन येणारी कातडीच जळते, म्हणून नाही. आणि "अंडी कुठे गेली" असा टोमणाही मारलाय तुम्ही, ताई तिनं १९ दिवसांत तीन अंडी घातली, औषध चालू असताना आणि नंतरही डॉक्टर सांगतील तितके दिवस अंडी खायची नसतात, तिन्ही फेकली. आम्ही नाही खाल्ली.

नवव्या दिवशी तुम्ही व्हिडिओ कॉलवर बघितलंत आणि म्हणालात झालं की बरं. दिसत होतंच तसं. वर काळी कोरडी खपली, वास नाही, ती खात होती, उकरत होती. कोंबडीची कातडी भरते पटकन, बघणाऱ्याला खोटं वाटावं इतकी. पण खपलीच्या कडेनं नवीन पिसं फुटायला लागली होती, आणि हेच कुणाला समजावता येत नाही. नवीन पीस येतं ते आधी निळसर काडीसारखं येतं, आणि त्या काडीत रक्त असतं. जिवंत रक्त. ते ओढलं की भळकन येतं, आणि लाल दिसलं की सगळ्या तुटून पडतात, मग ती मैत्रीण असो नाहीतर बहीण. नवव्या दिवशी तिला पाठवली असती तर जखमी कोंबडी नाही, उघड्या नळ्या लावलेली कोंबडी पाठवली असती. सगळी पिसं यायला महिना दीड महिना जातो, तेवढं थांबा असं मी म्हटलंच नव्हतं, निदान खपली आपोआप पडू दे आणि पाठीवर एप्रन, म्हणजे पाठ झाकणारं कापड, घालायची तिला सवय होऊ दे एवढंच म्हणत होतो. पहिले दोन दिवस एप्रन घातला की उलटी चालायची, भिंतीला टेकेपर्यंत. ते ११ जादा दिवस असे गेले.

जांभळा रंग "जखम लपवायला" लावला असं लिहिलंय. हो, लपवायलाच. तुमच्यापासून नाही, कोंबड्यांपासून.

आता तुमच्याच रिव्ह्यूतलं तुमचंच वाक्य, "दुपारी दाणे टाकले तेव्हा सोडली, संध्याकाळपर्यंत परत रक्तबंबाळ". ताई, मी गेटवर उभं राहून काय सांगितलं होतं? आधी आठवडाभर जाळीच्या आड ठेवा, एकमेकींना दिसू दे पण चोच पोचू नये. मग अंधार पडल्यावर त्यांच्या झोपायच्या दांडीवर नेऊन बसवा, सकाळी सगळ्यांच्या आधी उठून लक्ष ठेवा. तुम्ही भर दुपारी, एकाच भांड्याभोवती सहा जणी भांडत असताना, मधोमध सोडलीत. कोंबड्यांमध्ये कोण आधी खाणार कोण नंतर ही उतरंड ठरलेली असते, नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ श्येल्डेरुप-एबे यांनी १९२० च्या दशकातच ते लिहून ठेवलंय, आणि ती उतरंड सगळ्यात जास्त दिसते ती दाण्याच्या भांड्यापाशी. १९ दिवस बाहेर राहिलेली त्यांच्या लेखी परकीच. तुम्ही असंही लिहिलंय की इतके दिवस लांब ठेवल्यामुळेच त्या तिला विसरल्या, आणि यात तथ्य आहे, मी नाही म्हणणार नाही. जखम थोडी असती तर तुमच्याच खुराड्यात जाळी लावून तिथेच बरी करा असं मीच सांगितलं असतं. अळ्या पडलेली नाही ठेवता येत तशी.

आणि ती तपकिरी मारकुटी. मी दोनदा म्हटलं की तिला चार दिवस वेगळी काढा, परत आली की ती स्वतःच नवीन होते आणि जरा खाली उतरते. तुम्ही हसून म्हणालात ती तर सगळ्यात जास्त अंडी देते. बरं. शिवाय बोलता बोलता तुम्हीच म्हणालात की खुराड्यात रात्रभर बल्ब असतो. १६ तासांच्या वर उजेड मिळाला की कोंबड्या चिडचिड्या होतात, टोचाटोची वाढते, त्यात जागा कमी, भांडं एक, खाद्यात प्रोटीन कमी पडलं की एकमेकींची पिसं खायला लागतात. हे माझ्याकडे राहून बरं होणारं दुखणं नाही.

असो. जास्त बोललो असेन तर माफ करा, पण घर याच्यावर चालतं आणि लोक आधी स्टार बघतात मग फोन करतात, आणि या आठवड्यात फोन कमी आलेत ते मला दिसतंय. यापुढे फोटोवरून दिवस सांगणार नाही, आणि घरी नेतानाच्या सूचना कागदावर देणार आहे, तुम्ही घाईत होतात आणि मी तोंडी सांगत बसलो हे चुकलंच. जाळीचा पिंजरा बरोबर द्यायचंही डोक्यात आहे, बघू कसं जमतं.

जखमी कोंबडीला आज रात्री बाहेर काढा, सलाईननं धुवा, आत काही वळवळतंय का टॉर्चनं बघा, असेल तर उद्या सकाळीच घेऊन या, या वेळी ठेवण्याचे पैसे घेणार नाही. नसेल तर घरीच जाळीआड ठेवा आणि पाण्याची दाण्याची दोन दोन भांडी लांब लांब मांडा. तिचा दुसरा एप्रन धुतलेला इकडेच राहिलाय, तोही न्यायचाय.