पिसवांनी केलेले स्वागत

तीन आठवडे बंद असलेल्या घराचे कुलूप काढून मी आत पाऊल टाकले, तेव्हा आमच्या वाटेकडे डोळे लावून कोणी बसले असेल, याची मला सुतराम कल्पना नव्हती. हातातल्या पिशव्या खाली ठेवतो न ठेवतो तोच घोट्यापाशी कडाडून चावा बसला, आणि मी एका पायावर उभा राहून दुसरा खाजवू लागलो. ‘‘हा नाच कसला?’’ असे सौभाग्यवतींनी विचारले आणि पुढच्याच क्षणी त्याही नाचात सामील झाल्या.

संशय अर्थातच मोत्यावर गेला. पशुवैद्यांनी त्याच्या पाठीवरून बारीक दातांची फणी फिरवली, निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टेकवले, आणि प्रत्येक कणाभोवती तांबूस कड पसरली. ती पिसवांची विष्ठा, म्हणजे मोत्याचेच वाळलेले रक्त होते. ‘‘कुत्रा ही त्यांची फक्त खाणावळ आहे, बिऱ्हाड तुमच्या घरात आहे,’’ असे ते शांतपणे म्हणाले. मादी दिवसाला चाळीसेक अंडी घालते, ती गुळगुळीत असल्यामुळे केसांतून घरंगळून सतरंजीत पडतात, उजेड टाळणाऱ्या अळ्या तीच रक्ताळ विष्ठा खाऊन वाढतात आणि मग धूळ चिकटलेल्या कोशात दडून बसतात. रिकाम्या घरात कोशात तयार झालेल्या पिसवा बाहेर पडण्याची घाई करत नाहीत, काही महिनेही थांबतात. पावलांचा हादरा, अंगाची ऊब आणि उच्छ्वास जाणवला, की जेवण आले असे समजून उडी घेतात. आमच्या घरातल्या एकाही माणसाला इतका संयम नाही.

पांढरे मोजे घालून मी शिकारीला निघालो. मोज्यावर तीळभर तपकिरी ठिपका दिसे, मी चिमूट पुढे नेई आणि ठिपका वीतभर उंच उडून नाहीसा होई. चुकून सापडलीच, तरी दोन्ही बाजूंनी चपटी असलेली ती पिसू बोटांतून निसटे. शेवटी दोन नखांत धरूनच तिचा निकाल लावावा लागे.

मोत्याच्या मानेवर औषध पडले, त्याचे अंथरूण उकळत्या पाण्यात गेले आणि व्हॅक्यूम क्लीनर रोज फिरू लागला. परंतु कोशावर फवारणीचा फारसा परिणाम होत नाही, हे कळल्यावर सर्वांना एकदाच बाहेर काढावे म्हणून मी रात्री घरभर पाय आपटत हिंडू लागलो. तक्रार करायला वर आलेले खालच्या मजल्यावरचे गृहस्थ माझ्या मोज्यांकडे पाहून उंबऱ्याबाहेरूनच परतले.