हेन्री हुक खरा कसा होता: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. रोर्क्स ड्रिफ्ट म्हणजे दक्षिण आफ्रिकेतलं छोटं ब्रिटिश ठाणं; 1879 मध्ये तिथल्या मूठभर शिपायांनी झुलू योद्ध्यांचा हल्ला परतवला. त्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की हेन्री हुक हा दारुडा, कामचुकार शिपाई होता, त्याच दिवशी जवळच्या इसांडलवानाला झुलूंकडून झालेली ब्रिटिशांची हार झाकायला त्याला व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक दिलं गेलं आणि त्या पदकावर त्याने जन्मभर चैन केली.

दारुडा हुक हा 1964 च्या 'झुलू' सिनेमातला. खरा हुक दारूला शिवत नव्हता. ठाण्यातल्या इस्पितळातही तो दुखण्याचं निमित्त करून पडलेला नव्हता, तिथला आचारी होता. 22 जानेवारी 1879 ला इसांडलवानाची बातमी आली तेव्हा तो आजाऱ्यांसाठी चहा करत होता.

त्या इस्पितळाच्या इमारतीची रचना समजली की बाकीचं आपोआप कळतं. मूळचं ते मिशनऱ्याचं घर. वर गवताचं छप्पर, आतल्या भिंती कच्च्या विटांच्या. बऱ्याच खोल्यांना आपसांत दारच नव्हतं, दार उघडायचं ते बाहेर, आणि बाहेर झुलू. छप्पर पेटल्यावर भिंती फोडत सरकण्याशिवाय वाट उरली नाही. हुकचा सोबती शिपाई जॉन विल्यम्सने कुदळीने भगदाड पाडून आजाऱ्यांना पलीकडे ओढायचं आणि तोवर हुकने वाट अडवून धरायची.

हुकच्या हातात मार्टिनी-हेन्री बंदूक, एका वेळी एकच गोळी. खालचा दांडा ओढला की रिकामं काडतूस बाहेर पडायचं. पण नळी तापली की पातळ पितळी पत्र्याचं ते काडतूस आतच चिकटे, कधी नुसतं बूड तुटून येई. मग सळईने ठोकून काढायचं, आणि तेवढा वेळ भिस्त संगिनीवर. एका झुलूने तर बंदुकीची नळीच धरली. ओढाताण चालू असताना हुकने काडतूस सरकवलं आणि गोळी झाडली. भाल्याचा एक घाव त्याच्या डोक्यावर बसला. शेवटचा रुग्ण कॉनली, त्याचा पाय मोडलेला. हुकने त्याला भगदाडातून ओढला तेव्हा तो पाय पुन्हा मोडला.

पदकाच्या राजकारणाबद्दल मात्र तुमचं बरंचसं बरोबर आहे. इसांडलवानाला तेराशेच्या आसपास माणसं पडली होती. सरकारला विजय हवा होता आणि या एका चकमकीसाठी 11 व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले. 3 ऑगस्टला हुकला पदक देणारे सेनापती वुल्झलीच आपल्या रोजनिशीत लिहून गेले की इमारतीत अडकलेल्या, पळायला जागा नसलेल्यांना वीर ठरवणं भयंकर आहे. हुकच्या बाबतीत मला हे पटत नाही. भगदाड पडल्यावर आधी स्वतः निसटणं त्याला शक्य होतं. तो मागे थांबला.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट माझ्या लेखात यायलाच हवी होती. दुसऱ्या दिवशी मैदानात पडलेल्या जखमी झुलूंना ठार मारण्यात आलं. ब्रिटिशांनी पुरलेले साडेतीनशे मृतदेह सांगताना हे सोडता येत नाही. तेवढा भाग आजच लेखात घालतो.

आणि चैन? पदकाबरोबर वर्षाला 10 पौंड मिळायचे. 1880 मध्ये हुकने सैन्य सोडलं, पुढे ब्रिटिश म्युझियममध्ये धूळ झटकायची नोकरी धरली, नंतर तिथेच लोकांच्या छत्र्या सांभाळल्या. 1904 अखेर क्षयामुळे ती सुटली. मार्च 1905 मध्ये तो गेला, वय 54.