रजिस्टरमध्ये सगळ्या ठणठणीत

बर्ड फ्लूची बातमी आली की आपल्याकडे सगळं ठरल्यासारखं होतं. व्हॉट्सॲपवर मेलेल्या कोंबड्यांचे फोटो फिरतात, चिकनचा भाव पडतो, मग कुणीतरी पुढारी कॅमेऱ्यासमोर तंगडी खाऊन दाखवतो. तोवर '70 अंशांवर नीट शिजवलं की विषाणू मरतो' हे वाक्य सगळ्यांना पाठ झालेलं असतं. वाक्य खरं आहे, माझं त्याच्याशी भांडण नाही. पण ही सगळी चर्चा खाणाऱ्याच्या ताटाभोवती फिरते. वाटणात रटरटून शिजलेली कोंबडी कुणाला काही करत नाही. ती त्याआधी ज्याच्या हातात जिवंत होती, ज्याने ती कापली, सोलली, साफ केली, त्या पोराबद्दल बातमीत एक ओळ येत नाही.

मी कोपरखैरण्यात राहते आणि बरीच वर्षं तळोजा एमआयडीसीत मासळी निर्यातीच्या कारखान्यांमध्ये क्वालिटीचं काम करते. कुठल्या कारखान्यात, ते इथे लिहिणार नाही. रोजची भाकरी तिथूनच येते. माझं मत सरळ आहे. प्राण्यांकडून माणसात येणारा एखादा आजार उद्या ठाणे-नवी मुंबईत शिरलाच, तर तो चार माणसांवर थांबेल की चारशेंपर्यंत जाईल, हे बऱ्याच अंशी एका गोष्टीवर ठरेल: अंगात ताप असलेल्या कामगाराला त्या दिवशी घरी बसणं परवडतं का.

आमच्या पीलिंग हॉलचं सांगते. कोळंबी बर्फात येते, लांबलचक स्टीलच्या टेबलांवर पडते आणि दोन्ही बाजूंनी बायका खांद्याला खांदा लावून सोलत असतात. हॉल गारठलेला असतो, बोटं बधिर होतात. कोळंबीच्या डोक्यावरचा काटा हातमोजा फाडून बोटात घुसतो, आणि बधिर बोटाला ते लगेच कळतही नाही. दोन-तीन दिवसांनी तिथे जांभळट लाल सूज येते. एरिसिपेलॉइड म्हणतात तिला. मासळी आणि मांस हाताळणाऱ्यांचा हा जुनाच आजार, पेनिसिलिनने बरा होतो, एकीकडून दुसरीला लागत नाही. बोट सुजलेली बाई मात्र मोज्यावर दुसरा मोजा चढवून तशीच सोलत राहते, कारण पैसे सोललेल्या किलोवर आहेत.

सकाळी आत सोडण्याआधी मी दारात रजिस्टर घेऊन उभी असते. ताप, खोकला, जुलाब-उलटी, हाताला जखम, असे रकाने. प्रत्येकीला विचारायचं आणि 'नाही' किंवा 'हो' लिहायचं. महिनेच्या महिने ते रजिस्टर 'नाही'ने भरलेलं असतं. एकदा ओडिशाच्या एका मुलीचा चेहरा बघूनच मला कळलं होतं. हात लावला तर कपाळ तापलेलं. ती हळूच म्हणाली, "मॅडम, नो लिख दो ना." तिच्यामागे रांग होती. 'हो' लिहिलं की तिने परत खोलीवर जायचं, तो दिवस बुडाला. आणि खोली म्हणजे तरी काय, ठेकेदाराने घेऊन दिलेली, टेबलावर जिच्या शेजारी बसायचं तिच्याच शेजारी गादी. विश्रांती आणि संसर्ग दोन्हीचा पत्ता एकच.

बाहेरच्या देशातला ऑडिटर आला की हेच रजिस्टर उघडून तो मान डोलावतो. आम्ही कोळंबीत नायट्रोफ्युरान या बंदी असलेल्या अँटिबायोटिकचा अंश अब्जात एक भागापर्यंत शोधतो. 25 ग्रॅम नमुन्यात साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू सापडला तर अख्खा लॉट अडकतो. माल इतक्या बारकाईने तपासणाऱ्या कारखान्यात माणसाचा ताप तपासायचं साधन म्हणजे पोटापायी दिलेलं तोंडी उत्तर. अन्नसुरक्षेच्या नियमांतही फूड हँडलरची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि टायफॉइडची लस सांगितलेली आहे. तपासणी होते. एका टेबलावर एक डॉक्टर, समोर लांब रांग, आणि जेवणाच्या सुट्टीआधी सगळी सर्टिफिकेटं सहीसकट तयार. वर्षाच्या उरलेल्या दिवसांचं काय, हा प्रश्न त्या कागदाला कुणी विचारत नाही.

आता जरा आपल्या नाक्यावरच्या चिकनच्या दुकानाकडे बघा. जाळीचे पिंजरे एकावर एक रचलेले, वरच्या कोंबडीची विष्ठा खालचीच्या पाठीवर. पोरगा एक कोंबडी काढतो, मानेवर सुरी फिरवतो आणि तिला निळ्या ड्रममध्ये टाकतो. ती आत फडफडत राहते. त्या फडफडीत रक्ताचे आणि श्वासनलिकेतल्या स्रावाचे बारीक थेंब उडतात, आणि त्याच वेळी पोरगा ड्रमवर वाकून दुसरी टाकत असतो. कोंबडी बाधित असेल तर हाच सगळ्यात धोक्याचा क्षण. घरगुती पद्धतीने कापलेल्या एच5एन1, म्हणजे बर्ड फ्लूच्या विषाणूने बाधित कोंबड्यांवर प्रयोग झाले आहेत. कापताना विषाणू हवेत जातो आणि भांडं झाकून किंवा पिशवीच्या आत हे काम केलं तर त्याचं प्रमाण बरंच कमी होतं, असं त्यात दिसलं. म्हणजे ड्रमला एक झाकण. किती रुपयांचं असेल? ठाण्या-वाशीत झाकण लावून काम करणारं दुकान मला अजून दिसलेलं नाही.

'आपल्याकडे कुठे बर्ड फ्लू' असं म्हणणाऱ्यांसाठी: 2006 साली देशातला पहिला उद्रेक आपल्याच राज्यात, नवापूरला झाला. जानेवारी 2021 मध्ये ठाण्यात घोडबंदर रोडच्या एका सोसायटीत ढोकरी बगळे मरून पडले होते, आणि ठाण्याचे नमुने बाधित निघाले. फेब्रुवारी 2022 मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत पोल्ट्रीतल्या कोंबड्या मेल्या आणि परिसरातल्या हजारो कोंबड्या मारायचं ठरलं. अशा वेळी एका किलोमीटरच्या आतले पक्षी मारतात आणि मालकाला पक्ष्यामागे सरकारी भरपाई मिळते. ती मिळायलाच हवी, नाहीतर मेलेली कोंबडी लपवली जाते. हे तत्त्व पशुसंवर्धन खात्याला पक्कं कळलेलं आहे: नुकसान भरून दिलं नाही तर माणूस आजार लपवतो. मग तेच तत्त्व कोंबडीला लावायचं आणि कोंबडी कापणाऱ्याला नाही, हा कुठला न्याय? दुकान बंद झालं की त्या पोराचा रोज बंद. पोटमाळ्यावर झोपतो, गाव लांब, खाडा झाला की पैसे कापतात. तो डोळे लाल झाल्याचं कशाला सांगेल?

डोळ्यांचं मुद्दाम म्हटलं. अमेरिकेत कोलोरॅडोत जुलै 2024 मध्ये बाधित कोंबड्या मारण्याच्या कामावरच्या नऊ कामगारांना एच5एन1 झाला, बहुतेकांना डोळे येण्यासारखा त्रास. त्यांना मास्क-गॉगल दिलेले होते. पण शेडमधलं तापमान 40 च्या वर, त्यात पिसं उडवणारे मोठाले पंखे. गॉगल डोळ्यांवर टिकेना. श्रीमंत देशाची ही गत. आपण मे महिन्यात पत्र्याच्या दुकानातल्या पोराला एन95 लावून बस म्हणणार असू तर तो सल्ला कागदावरच राहणार. त्यापेक्षा झाकण, पाण्याचा नळ, साबण, धुवायला दुसरा ॲप्रन आणि आजारात न कापला जाणारा रोज, या गोष्टी टिकतील.

एक उदाहरण मला फार पटतं ते हाँगकाँगचं. 1997 साली तिथे 18 माणसांना बर्ड फ्लू झाला, त्यातले सहा गेले. सरकारने शहरातल्या कोंबड्या सरसकट मारल्या. पण पुढे त्यांनी जे केलं ते जास्त शहाणपणाचं. 2001 पासून महिन्यातला एक दिवस सगळ्या बाजारांत एकाच वेळी पिंजरे रिकामे करून धुवायचे, नंतर महिन्यात दोन दिवस. 2008 पासून जिवंत कोंबडी रात्री दुकानात ठेवायलाच बंदी. कारण विषाणू बाजारात जगतो तो एका कोंबडीत नाही, जुन्या कोंबडीकडून नव्या आलेल्या कोंबडीकडे सरकत. एक दिवस साखळी तुटली की तो खाली येतो, आणि मोजल्यावर तसंच आढळलं.

आपल्याकडे तर हे अजून सोपं आहे. गुरुवारी, संकष्टीला, एकादशीला दुकानात गिऱ्हाईक तसंही तुरळक. श्रावणात तर दुकानदार स्वतःच माशा मारत बसतो. त्यातलाच महिन्यातला एक दिवस पालिकेने ठरवून द्यावा: सगळ्या दुकानांत एकही जिवंत पक्षी नाही, पिंजरे घासून उन्हात, आणि पोराला त्या दिवसाचा पगार. परवान्याच्या अटीत एक ओळ वाढवायची आहे. उलट सगळ्यात वाईट दिवस म्हणजे गटारीच्या आधीचा शनिवार-रविवार. पहाटेपासून रांग, पिंजऱ्यात दुप्पट कोंबड्या, आणि हाताखाली गावाकडून दोन दिवसांसाठी आणलेली पोरं, ज्यांनी आयुष्यात हातमोजा घातलेला नाही. पालिकेचा निरीक्षक यायचा तर त्याने त्या दिवशी यावं.

आता पैशाकडे येते, कारण सगळं तिथेच अडतं. लोक म्हणतात ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, आहे की. आहे, पगार 21,000 च्या आत असेल तर. आजारपणात पगाराच्या 70 टक्के, वर्षाला 91 दिवसांपर्यंत. ऐकायला छान. पण आजारपणाचे पहिले दोन दिवस त्यात धरत नाहीत, नुकतेच आजारी पडून गेला असाल तरच सूट. फ्लूसारख्या आजारात माणूस सगळ्यात जास्त संसर्ग देतो तो सुरुवातीच्याच दिवसांत. म्हणजे ज्या दोन दिवसांत घरी बसवायला हवं, नेमके तेच दोन दिवस बिनपगारी. शिवाय नव्याने नाव लागलेल्याला हा भत्ता सुरू व्हायला नऊ-एक महिने जातात, आणि सहामाहीत 78 दिवसांची वर्गणी भरलेली लागते. हंगामापुरत्या येणाऱ्या आणि मध्येच गावी जाणाऱ्या बाईला हे गणित कधी जुळायचं?

जर्मनीतही ठेकेदारीच होती. जून 2020 मध्ये ट्योनिस कंपनीच्या मांस कारखान्यात 1,500 हून जास्त कामगारांना कोविड झाला. थंड हॉल, तीच हवा फिरवणारे कूलर, जड मेहनत. आठ मीटर लांबच्या माणसापर्यंत लागण गेल्याचं संशोधकांनी दाखवलं. बाहेर राहायला दाटीवाटीच्या खोल्या, पूर्व युरोपातून आणलेली माणसं. आपल्या तळोज्याचं वर्णन वाटेल असं. त्यानंतर तिथे कायदा झाला आणि जानेवारी 2021 पासून मोठ्या कारखान्यांत कापणी आणि प्रक्रियेच्या कामावर ठेकेदाराची माणसं लावायला बंदी आली. साथीतून धडा घेऊन त्यांनी मास्क वाटले असतेच, पण हात घातला तो नोकरीच्या कराराला. आपल्याकडे त्याच सुमारास, मे 2020 मध्ये, वाशीचं एपीएमसी मार्केट आठवडाभर बंद ठेवावं लागलं होतं. माथाडी, ड्रायव्हर, व्यापारी सगळे आजारी पडत होते. सॅनिटायझर फवारला, बॅरिकेड लावली, मार्केट उघडलं. रोजंदारीवाल्याच्या रजेचा विषय कुठे निघाला?

"पगारी रजा दिली तर उद्या निम्म्या जणी खोटं आजारी पडतील," असं आमचे एक साहेब म्हणतात. थोड्या पडतीलही. आमच्या साहेबांच्याही रजा मी बघितल्या आहेत, त्यावर न बोललेलं बरं. पण हिशेब करा ना. शंभर जणींच्या हॉलमध्ये रोज तिघी घरी बसल्या तर तीन रोज गेले. एक कंटेनर परत आला तर किती गेले, हे त्याच साहेबांना तोंडपाठ असतं.

एक गोष्ट डॉक्टरांसाठी. तुर्भे, कळवा, दिवा इथल्या दवाखान्यांत ताप घेऊन आलेल्याला पत्ता विचारतात, काम विचारत नाहीत. तबेल्यात काम करणाऱ्याचा महिनाभर येणारा-जाणारा ताप ब्रुसेलोसिसचा, म्हणजे गुरांकडून लागणाऱ्या आजाराचा असू शकतो. शेळ्यांच्या बाळंतपणात, कत्तलीत हात असलेल्याला क्यू फीव्हर हा तसाच जनावरांकडून येणारा ताप होऊ शकतो. पावसाळ्यात गोदामात अनवाणी फिरणाऱ्याला लेप्टो. कामाचा प्रश्न न विचारता यातलं काही सुचणार नाही. अमेरिकेत मिनेसोटात 2007 मध्ये डुकराच्या मांसाच्या कारखान्यातल्या कामगारांना हातापायांची ताकद जाणारा विचित्र आजार होत होता. डॉक्टर वेगवेगळे, पेशंट वेगवेगळे. हे सगळे एकाच कारखान्यातले आहेत, हे लक्षात आलं ते दवाखान्यातल्या स्पॅनिश दुभाषाच्या. डुकराचा मेंदू हवेच्या दाबाने उडवून काढत होते आणि ते तुषार कामगारांच्या श्वासात जात होते. तो संसर्ग नव्हता, शरीराची प्रतिकारशक्तीच उलटली होती. ती पद्धत बंद केल्यावर नवे पेशंट थांबले. केस पेपरवर 'काय काम करता' अशी एक रेघ पालिकेच्या दवाखान्यांना छापता येईल.

तुमच्यापैकी कुणी मासळी, मांस, डेअरी, बेकरी, कोल्ड स्टोअरेजमध्ये कामाला असाल, तर तापात घरी बसल्यावर पैसे मिळतात का, ते खाली लिहा. ठेकेदाराकडून असाल तर जरूर लिहा. फक्त कंपनीचं आणि स्वतःच्या डिपार्टमेंटचं नाव टाकू नका. टाकलंत तर मी कमेंट काढून टाकेन. सुपरवायझर लोकही फेसबुकवर असतात.