पुट्टीखाली गंज मरत नाही

‘वेल्डिंगची गरज नाही. वायर ब्रशने घासा, रस्ट कन्व्हर्टर (गंजावर लावायचं रसायन) लावा, भोक असेल तर जाळी लावून पुट्टी भरा, वर प्रायमर आणि रंग. एका सुट्टीत गंज कायमचा गेला!’ जुन्या गाडीचं वेड असलेल्या प्रत्येकाला हा सल्ला कधी ना कधी मिळालेला असतो. मी तो तंतोतंत पाळला होता. दीड वर्षात त्याच जागी रंग पुन्हा फुगला, आणि या वेळी फुगा मोठा होता.

‘दिसतो तेवढाच गंज घासायचा.’ मुळात चूक इथेच होते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो रंगाला खालून उचलतो. दार, दाराखालचा बॉक्स, चाकाची कमान या जागी तो बहुतेक वेळा आतून सुरू होतो. काचेच्या रबराजवळून पाणी दारात उतरतं, पाणी बाहेर जाण्यासाठीची तळाची भोकं मातीने बुजलेली असतात आणि दोन पत्रे दुमडलेल्या शिवणीत ओल तशीच राहते. माझ्या दारावर बाहेरून नखाएवढाच फुगा होता. आतलं अस्तर काढून तळाला स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर तो आरपार गेला. वीतभर पत्रा पापुद्र्यांसारखा हातात आला. बाहेरून कितीही घासलं असतं, तरी तिथवर ब्रश पोहोचलाच नसता.

‘कन्व्हर्टर गंजाचं पुन्हा लोखंड करतो.’ अजिबात नाही. त्यातलं टॅनिक किंवा फॉस्फोरिक आम्ल गंजाशी संयोग पावून काळसर, बऱ्यापैकी स्थिर थर बनवतं. पत्रा शाबूत असेल आणि गंज वरवरचा असेल, तर ते उत्तम काम करतं. मी आजही वापरतो. पण जाड पापुद्र्यांत ते खोलवर शिरत नाही आणि खाल्ला गेलेला पत्रा तर परत येतच नाही.

पुट्टीबद्दल मला सगळ्यात जास्त राग आहे. नेहमीची पॉलिएस्टर पुट्टी ओल शोषते. जाळीवर भरलेल्या पुट्टीची मागची बाजू उघडी राहते, तिकडून पाणी मिळत जातं आणि कडेचा पत्रा रंगाखाली निवांत सडतो. पुट्टीची जागा एकच: पत्रा धड झाल्यावर उरलेला एखाद-दोन मिलिमीटरचा खड्डा. जुनी गाडी घेताना चुंबक कापडात गुंडाळून दारांच्या तळावरून फिरवा. जिथे तो धरत नाही, तिथे आधीच्या मालकाने हाच सल्ला पाळलेला असण्याची शक्यता मोठी.

‘वेल्डिंग घरी जमत नाही.’ जमतं, फक्त एका सुट्टीत नाही. चकचकीत, धड पत्रा लागेपर्यंत कापायचं. तेवढ्याच जाडीचं ठिगळ बेतायचं. बॉडीचा पत्रा बहुधा पाऊण ते एक मिलिमीटरचा असतो. मग मिग वेल्डिंगचे (यात बंदुकीतून तार आपोआप पुढे येते) सुटे टाके, एक इथे, पुढचा लांब, मधे थंड होऊ द्यायचं. सलग ओढलात तर पत्रा उष्णतेने वाकडा होतो, तो सरळ करायला आठवडा जातो. बॅटरी सोडवून ठेवा, इंधनाची टाकी आणि अस्तर दूर करा, आग विझवायचं साधन हाताशी असू द्या. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून घासताना चांगला मास्क हवाच. आणि सस्पेन्शन किंवा सीटबेल्ट जिथे अडकतात, तिथला सडका पत्रा शिकाऊ हाताने जोडू नका. तो जाणत्या वेल्डरकडेच न्या.

‘रंग मारला की काम संपलं.’ साधा प्रायमर ओल आत जाऊ देतो, म्हणून नुसत्या प्रायमरवर गाडी पावसात उभी ठेवू नये. धड पत्र्यावर ओल रोखणारा इपॉक्सी प्रायमर, शिवणींवर फटी बुजवणारा सीलर, त्यावर रंग. शेवटी पोकळ्यांत लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे गंज रोखणारं मेण, फवारायचं. ते वाळलं, की तळाच्या भोकांतून एकदा तार फिरवून घ्या, नाहीतर वॅक्सनेच ती बुजतात आणि पाणी पुन्हा तिथेच साचतं.