कंजूष प्रिंटर आणि गायब अनुस्वार

इंदूरात रंगपंचमी जवळ आली की गल्लीगल्लीतल्या पोरांना गेरसाठी, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीसाठी, छापील टी-शर्ट हवे असतात, तेही परवापर्यंत. वर सल्ला मिळतो, "भिया, स्क्रीन प्रिंटिंगची फिल्म घरच्याच इंकजेटवर काढून टाका ना!" निघते की ही काळ्या अक्षरांची पारदर्शक फिल्म. फक्त आधी प्रिंटरची कंजुषी मोडावी लागते.

कमीत कमी शाईत मुंजीचे फोटो बरे दिसावेत, एवढंच त्या यंत्राला शिकवलेलं असतं. आपल्याला हवी असते उधळपट्टी. फ्रेमवर ताणलेल्या जाळीला इमल्शनचा लेप देतात, त्यावर फिल्म ठेवून उजेड पाडतात. इमल्शन उजेड लागेल तिथे कडक होतं आणि फिल्मवरच्या काळ्या अक्षरांच्या सावलीत मऊ राहतं. ते मऊ इमल्शन पाण्याने धुतलं की जाळी मोकळी होते आणि तिथून रंग उतरतो. शाई विरळ असली की सावलीतही उजेड झिरपतो. मग फवारा मारा नाहीतर आरती ओवाळा, अक्षर उघडत नाही.

पुष्कळांचा उपाय म्हणजे एक्स्पोजर, म्हणजे उजेड देण्याचा वेळ, कमी करणे. अक्षरं उघडतात खरी, पण आजूबाजूचं इमल्शनही कच्चं राहतं. धुताना ते घसरून येतं किंवा पन्नासाव्या टी-शर्टापर्यंत त्यालाच भोकं पडतात. गुन्हा फिल्मचा, शिव्या इमल्शनच्या डब्याला.

काळं किती काळं हवं? घनता साधारण 3, म्हणजे हजारातला एकच भाग उजेड पार जावा. हे डोळ्याला कळत नाही, कारण इमल्शनला लागतो तो अतिनील आणि निळा-जांभळा उजेड. म्हणूनच हाताने कापायची जुनी लाल मास्किंग फिल्म आरपार दिसूनही काम चोख करायची. तरी मोबाइलचा टॉर्च मागे धरावा. अक्षरातून दिवा लख्ख दिसला, तर ती फिल्म फक्त दारावर चिकटवण्याच्या लायकीची.

शाई वाढवायची तर कागदाच्या प्रकारात 'साधा कागद' सोडून फोटो ग्लॉसी आणि दर्जा सर्वांत वरचा निवडायचा. काही प्रिंटर या मोडमध्ये काळी शाई बाजूला ठेवून तीन रंग मिसळून काळं करतात. तेव्हा दोन्ही मोडमध्ये एकेक पट्टी काढून टॉर्चला विचारावं. रिप, म्हणजे प्रिंटरला छपाईचे हुकूम देणारं वेगळं सॉफ्टवेअर, शाईचं प्रमाण आणि हाफटोनचे (फिक्या-गडद छटा दाखवणारे) ठिपके स्वतः ठरवतं. हाफटोनचं काम रोज असेल तर माझ्या मते त्यावरचा खर्च वाजवी. नुसत्या अक्षरांसाठी नाही.

फिल्म इंकजेटचीच, कोटिंग असलेली, 100 मायक्रॉनची घ्यावी. प्रोजेक्टरच्या साध्या पारदर्शक ओएचपी शीटवर शाईचे थेंब गोळा होतात आणि बोट लावायची वाट बघत बसतात. कोटिंगची बाजू ओल्या बोटाला किंचित चिकटते, छपाई तिच्यावरच. पावसाळ्यात ही छापील बाजूही चिकट राहते आणि इमल्शनला मिठी मारते. हेअर ड्रायर कोमट ठेवून पाच मिनिटं फिरवावा. आणि प्रिंटर ही पारदर्शक फिल्म ओळखतच नाही! 'कागद घाला' म्हणून दिवा मिचकावत राहतो. पुढच्या कडेला पांढऱ्या कागदी टेपची पट्टी लावली की महाराज प्रसन्न.

आता अनुस्वार. छापील बाजू इमल्शनला टेकलीच पाहिजे. सब्लिमेशनच्या (कागदावरून उष्णतेने कपड्यावर छापण्याच्या) सवयीने डिझाइन मिरर, म्हणजे आरशातल्यासारखं उलटं, केलं, तर अक्षरं सरळ यावीत म्हणून फिल्म उलटी ठेवावी लागते आणि शाई व इमल्शन यांच्यामध्ये फिल्मची जाडी येते. त्या फटीतून तिरपा उजेड शिरून बारीक ठिपके बुजवतो आणि 'रंगपंचमी'ची 'रगपचमी' होते. इथे मिरर करायचंच नाही. फ्रेमच्या टी-शर्टाला टेकणाऱ्या बाजूला फिल्म शाई खाली करून ठेवायची. अक्षरं उलटी दिसली की समजावं, बरोबर आहे. वरून काच घट्ट दाबायची.

एकाहून जास्त रंग असतील तर प्रत्येक रंगाची फिल्म वेगळी. त्या सगळ्या एकाच बैठकीत, एकाच सेटिंगवर काढाव्यात आणि 'पानात बसवा' बंद करावं. लाल 100 टक्के आणि पिवळा 97 टक्के निघाला, तर 30 सेंटिमीटरच्या डिझाइनमध्ये 9 मिलिमीटरचा फरक पडतो. कोपऱ्यांतल्या जुळणीच्या खुणाही मग जुळत नाहीत. एक जुळवली की समोरची पळते, आणि पिचकारी एका खांद्याला तर तिची धार दुसऱ्या.