लाकडी पंख्याची भोकं बुजवू नका

‘पहिल्या महायुद्धातल्या फ्लाइंग बोटींचे (पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचे) पंखे, म्हणजे प्रोपेलर, एकाच ओंडक्यातून कोरलेले असत. धातूचा पंखा करायची अक्कल तेव्हा नव्हती. समुद्राच्या पाण्याने ते चार दिवसांत कुजत. टोकाचा पितळी पत्रा शोभेचा आणि त्यातली बारीक भोकं किडीची. जुना पंखा मिळाला तर ती इपॉक्सीने बुजवा.’ महिनाभर फिरणारा हा फॉरवर्ड काल मामांनीही ‘तुझ्या कामाचं’ म्हणून पाठवला. आता पुरे.

आधी भोकं, कारण बाकीचं नुसतं अडाणीपण आहे, हे धोक्याचं आहे. कीड कधी पितळ पोखरते का, तेही एकाच मापात? पत्रा रिवेट मारून, वर डाख देऊन बसवला तरी ओल आत शिरतेच. पंखा फिरला की ते पाणी टोकाकडे फेकलं जातं आणि या भोकांतून निघून जातं. अमेरिकी विमान प्रशासनाच्या ४३.१३-१बी या दुरुस्ती-परिपत्रकात मापही आहे: ६० नंबरचं ड्रिल, म्हणजे जेमतेम १ मिमी, टोकात तीन भोकं, पात्याच्या लांबीला समांतर, पाचेक मिमी खोल. ती बुजवली की पत्र्याखाली लाकूड फुगतं, पत्रा सैल होतो. तोलही जातो: ३ मीटर व्यासाचा पंखा मिनिटाला १४०० फेरे घेत असेल, तर एका टोकात साठलेलं ५ ग्रॅम पाणी १६ किलोच्या जोराने ओढतं. भोकं तुंबलीच तर तेच ड्रिल हाताने फिरवून मोकळी करा. आणि पंखा आडवा ठेवा. उभा ठेवला की ओल खालच्या पात्यात उतरते.

पत्रा शोभेचा? त्याच पंख्याचं टोक सेकंदाला २२० मीटर जातं. त्या वेगात पाण्याचा तुषार लाकडाला कानशीसारखा लागतो.

ओंडका तर नाहीच. अक्रोड, महोगनी, ओक यांच्या इंचभर जाडीच्या फळ्या सरसाने चिकटवून मग कोरत. एकसंध लाकूड हवा बदलली की पिळवटतं.

कुजण्याबद्दल अर्धं खरं आहे, मानावं लागेल: सरस ओलीने मऊ पडतो, थर सुटतात. म्हणूनच वार्निशचे हात. पण चार दिवस? १६ मे १९१९ला न्यूफाउंडलंडहून निघालेली अमेरिकी नौदलाची फ्लाइंग बोट एनसी-४ अझोर्स बेटांमार्गे २७ मेला लिस्बनला पोचली, ती लाकडी पंख्यांवरच.

राहिली अक्कल. ब्राझीलचा विमानकार सांतोस-द्युमों याच्या १९०६च्या विमानाला ॲल्युमिनियमची पाती होती. लाकूड कंपनं पचवायचं, तेव्हाचा धातू थकून तडकायचा. भरवशाचे ड्युरॅल्युमिनचे (ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे) पंखे १९२०च्या दशकात आले, आणि खाऱ्या पाण्यावरून उडाल्यावर तेही गोड्या पाण्याने धुवावे लागतात.